न आवडल्यास आठ दिवसांत परत

पत्रे मी लिहीत असे. कमल साड्या निवडत असे, शोभा त्या बांधत असे आणि पार्सल परत आले की त्यामागून सुरू होणारा पत्रव्यवहार माझ्याकडे येत असे. बार्शीच्या यमुनाबाई कदमांना गेलेले ते पत्रही माझेच. त्याखाली सही कमलची असली, तरी शब्द सर्वस्वी माझे होते, आणि त्या पत्रानंतरच्या दोन आठवड्यांत शोभाचे काम जाते की राहते, अशी वेळ आली. हे आधीच सांगून टाकते. एरवी हे किस्से सांगताना आम्ही सगळ्या हसतो आणि हसण्याच्या भरात माझा वाटा सांगायचा राहून जातो.

विकल्या गेलेल्या साडीची गोष्ट दारातच संपते. परत आलेली साडी मात्र गोष्ट घेऊन येते. सुरतेत उधन्याला कमलच्या खोलीत माळ्यावर अशी पार्सले साठत आणि त्यांच्याबरोबर किस्सेही साठत. पार्सले पुढे कुठे ना कुठे खपली. किस्से अजून माझ्याकडेच आहेत.

कमल बोरसे ही माझी विद्यार्थिनी. सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी उभी हयात शिकवले, आणि मी निवृत्त झाले त्याच सुमारास ही शिरपूरकडची मुलगी मला बाजारात भेटली. तिचा नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होता. ती घरी साड्यांना फॉल आणि लेस लावत होती. "बाई, मी एका मासिकात जाहिरात देणार आहे. व्हीपीने साड्या पाठवायच्या. पोस्टमन पार्सल देतो, तिथंच पैसे घेतो, ते आपल्याला मनिऑर्डरने येतात. फक्त पत्रं लिहायला कोणी नाही," असे तिने मला सांगितले. मी जाहिरात तपासून दिली आणि तिच्या शेवटी एक ओळ स्वतःहून घातली: न आवडल्यास आठ दिवसांत परत. सज्जन व्यवहाराला ती ओळ शोभते, असे माझे मत होते. त्या ओळीने पुढे आमचे काय केले, ते आता सांगते.

साड्या रिंग रोडच्या कापडबाजारातले व्यापारी जितूभाई यांच्याकडून येत. घडी मोडली किंवा मिलची चिठ्ठी निघाली, की जितूभाई हात जोडत. "कमलबेन, माल पाछो ना लेवाय." माल परत घेता येत नाही, बेन. म्हणून कमलने नियम केला. बांधणारीच्या चुकीने पार्सल बिघडले, की भिंतीवर खडूची एक रेघ. तीन रेघा झाल्या की दुसरी बांधणारी बघायची. या नियमाने शोभाच्या आधी दोघी गेल्या होत्या.

शोभा गायकवाड जालन्याकडची. नवागामला एका खोलीत राहत असे. नवऱ्याची दोन बोटे लूममध्ये गेली, तेव्हापासून ती पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये ओल्या कापडाचे ताके वाहत होती. तिथल्या पाण्याने तिच्या तळपायांची कातडी सोलून निघे. कमलकडे काम मिळाले, तेव्हा पहिले दोन दिवस ती बसलीच नाही. उभ्यानेच पार्सले शिवत राहिली. कमलने विचारले, तर म्हणाली, "ताई, बसून काम करायची सवं न्हाई."

*

शोभा आल्यावर पहिली साडी परत आली ती वर्ध्याहून. रंग पोपटी मागवला होता, पोपटीच पाठवला होता. निदान रिंग रोडवर त्याला पोपटी म्हणत असत.

पार्सलात साडीबरोबर एक पाकीट होते आणि पाकिटात एक पीस. सोबत दोन ओळी: "हे आमच्या घरच्या पोपटाचे पीस आहे. याला पोपटी म्हणतात. तुमचा पोपट आजारी असावा."

कमल पीस घेऊन जितूभाईंच्या गादीवर गेली. त्यांनी ते साडीवर ठेवले, दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिले, शेजारच्या दोन व्यापाऱ्यांना दाखवले. तिघांची चर्चा झाली. शेवटी जितूभाई म्हणाले, "वर्धानो पोपट अलग होशे."

या चुकीची रेघ शोभावर आली नाही, कारण रंगांची नावे जाहिरातीत मी लिहिली होती. त्यानंतर आम्ही पत्रातून रंगाचा दोरा पाठवू लागलो. वर्ध्याच्या बाईंना दोरा पसंत पडला. "पोपट बरा झालेला दिसतो," असे त्यांनी कळवले आणि दोन साड्या मागवल्या.

*

पहिली रेघ अदलाबदलीची.

एकाच दिवशी कोपरगावला दोन साड्या जायच्या होत्या. एक राणी रंगाची, सगळीकडे टिकल्या लावलेली, एका नवरीसाठी. दुसरी राखाडी, बारीक काठाची, अडुसष्ट वर्षांच्या एका आजींसाठी. वय त्यांनी स्वतःच जाहिरातीच्या कूपनवर लिहिले होते, रंग निवडताना आम्हांला सोपे जावे म्हणून. शोभाने पत्ते उलटे लावले.

चूक ध्यानात आली तेव्हा पार्सले गेली होती. मी ताबडतोब दोन्हीकडे क्षमापत्रे लिहिली आणि साड्या न वापरता परत पाठवण्याची विनंती केली.

नवरीचे उत्तर आले. तिने लिहिले होते की टिकल्यांची साडी आईने निवडली होती, तिला स्वतःला राखाडीच आवडली आणि आईला आता काही कळवू नये.

आजींचे कार्ड त्यानंतर चार दिवसांनी आले. त्यावर एवढेच होते: "साडी चुकीची आली आहे. परत मागू नये."

शोभाला वाटले, दोघी खूश आहेत, तर रेघ नाही. कमलने तरीही ओढली. "ग्राहक खूश झाला हे नशीब," ती म्हणाली. "पत्ता उलटा लागला ही चूक."

उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली, की मीही अर्धेच गुण देत असे. कमल ते माझ्याकडूनच शिकली होती.

*

प्लेगच्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवच्या पावसाळ्याअखेर, सुरत सोडून माणसे मिळेल त्या गाडीने निघाली. आम्ही राहिलो. आमची पार्सले मात्र आधीच रवाना झाली होती आणि ती सगळीकडून परत येऊ लागली. पत्त्याच्या बाजूला शेरा: घेण्यास नकार. सुरतेची साडी घरात घ्यायला कोणी तयार नव्हते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

आमचा पोस्टमन ती पार्सले सुतळीला टांगून, हात लांब धरून आणत असे. तोंडाला रुमाल. मी त्याला म्हणाले, "अहो, रोग इथला आहे. हे पार्सल साताऱ्याहून आले आहे."

त्याने क्षणभर विचार केला. "तरी पण बाई, इथून जाऊन आलंय ना ते."

एकट्या कऱ्हाडच्या एका बाईंनी पार्सल सोडवून घेतले. त्यांचे पत्र मी जपून ठेवले आहे. साडी तीन दिवस कडक उन्हात ठेवली, एक दिवस कडुलिंबाची धुरी दिली आणि मग गरम पाण्यातून काढली, असे सविस्तर लिहून शेवटी म्हटले होते: "आता तीत रोग उरलेला नाही. रंगही उरलेला नाही. बाकी कापड चांगले आहे."

त्या महिन्यात जितूभाईंनी आमचा सगळा माल न बघता परत घेतला. चिठ्ठ्या आहेत का, घड्या आहेत का, काही विचारले नाही. कमलने आभार मानले, तर उलट तिच्यावरच चिडले. "बेन, हमणां गणवानुं नथी," असे म्हणाले. आत्ता मोजायचे नसते.

*

दुसरी रेघ कात्रीची.

पार्सल कापडात घालून शिवायचे आणि गाठीवर लाखेचे सील करायचे, अशी टपालाची रीत होती. एकदा पोस्टाच्या खिडकीवर वजन करताना कारकून म्हणाला, "बाई, ही साडी फार जड आहे." मी त्याला जरा तोऱ्यातच सांगितले की आमचा माल भरदार असतो.

खोलीवर परतले, तर शोभा कात्री शोधत होती. तिने माळा पाहिला, पोती उपसली, कमलच्या फॉलच्या डब्यात हात घातला. संध्याकाळपर्यंत कात्री कुठे असेल याची तिला कल्पना आली होती; पण ती बोलली नाही, आणि मी वजनाचा विषय काढला नाही.

आठवड्याने यवतमाळहून पत्र आले: "साडी पसंत. कात्री मागवली नव्हती, तीही पसंत. कात्रीचे पैसे वेगळे द्यायचे काय?"

मी कात्री परत पाठवण्याविषयी लिहिले. ती आली. कागदात नीट गुंडाळलेली, आणि सोबत चिठ्ठी: "धार लावून पाठवत आहे. इतक्या बोथट कात्रीने तुमची माणसे काम करतात, हे बरे नव्हे."

कमलने चिठ्ठी वाचली, कात्रीची धार अंगठ्याने पाहिली आणि कात्री शोभाच्या हातात दिली. मग उठून भिंतीवर दुसरी रेघ ओढली.

शोभा त्या रात्री नवऱ्याला काही बोलली नाही, असे तिने मला नंतर सांगितले. तिच्या मनात एकच होते. "परत ताक्यांकडं जायला नगं, बाई. पाय आत्ता कुठं भरून आलेत."

*

पुढचा किस्सा माझ्या कौतुकाचा आहे. तो सांगितल्याशिवाय त्यानंतरची माझी चूक कळणार नाही.

सिन्नरच्या एका शिक्षिकेने साडी परत पाठवली. रंग पसंत नाही, एवढेच कारण दिले होते. घडी अशी घातली होती की मिलमध्येही तशी पडत नाही. कमल ती जितूभाईंकडे पाठवणारच होती. पण मला ती घडी फार चांगली वाटली. शिक्षिकेवर शिक्षिकेची नजर लगेच जाते. मी साडी उलगडली. आतून तांदळाचे सात दाणे पडले, कुंकवाने लाल केलेले.

अक्षता होत्या त्या. बाई साडी नेसून लग्नाला जाऊन आल्या होत्या.

मी दाणे एका पाकिटात घातले आणि लिहिले: "आपल्या अक्षता आमच्याकडे आल्या आहेत. त्या वधूवरांच्या हक्काच्या असल्याने साडीसह परत पाठवीत आहोत. नवदांपत्यास आमचे आशीर्वाद कळवावेत."

त्यावर त्या बाईंनी साडी ठेवून घेतली आणि बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला. वर चिठ्ठी: "आशीर्वाद पोचल्याचे नवरीने कळवले आहे. लाडू मी स्वतः केले आहेत, आणि ते परत घेणार नाही."

कमलने माझे पत्र रिंग रोडवर वाचून दाखवले. जितूभाईंनी ते गुजरातीत समजावून घेतले आणि मला पाहिले की म्हणू लागले, "टीचरबेननो कागळ एटले कोर्टनी नोटिस." माझे पत्र म्हणजे कोर्टाची नोटीस. हे ऐकायला मला फार आवडे.

*

पुढच्या पावसाळ्यात बार्शीहून पार्सल परत आले. पाठवणाऱ्याचे नाव यमुना कदम. साडी निळी, बारीक फुलांची. चिठ्ठी अशी होती: "ही साडी आधी कोणीतरी नेसलेली आहे. घडीत हळदीकुंकू आहे. कुणाची ओटी भरून झालेली साडी मला नको. पैसे परत करावेत."

साडी उघडून पाहिली. खरोखरच मधल्या घडीत लालपिवळा डाग होता, तळहाताएवढा, कडेने पसरलेला.

कमल म्हणाली, "बाई, हे सिन्नरसारखंच."

मलाही तसेच वाटले. साडी जितूभाईंकडून कोरी आली, मी स्वतः ती पाहिली होती. मग डाग बार्शीतच पडला असणार. शोभा त्या दिवशी आली नव्हती. नवऱ्याचा हात दाखवायला दवाखान्यात गेली होती. ती असती, तर पुढचे काही घडले नसते. पण ती नव्हती, आणि मी लेखणी उचलली.

"सौ. यमुनाताई यांस सप्रेम नमस्कार. साडी आमच्याकडून निघाली तेव्हा कोरी होती. परत येताना ती हळदीकुंकवाला जाऊन आलेली दिसते. ज्या घरी तो समारंभ झाला, तेथे आपला मानपान यथास्थित झाला असेल, अशी आशा आहे. नेसलेली साडी परत घेण्याची आमची रीत नाही."

कमल पोट धरून हसली. पत्र त्याच दुपारी टपालात पडले.

उत्तर बारा दिवसांनी आले. तेव्हा आम्ही तिघी खोलीत होतो. शोभा पार्सल शिवत होती. अशी पत्रे मी नेहमी मोठ्याने वाचत असे, म्हणून तसेच वाचायला घेतले.

"पार्सल मी पोस्टातच, पोस्टमास्तरांच्या समोर उघडले. त्यांची सही खाली आहे. मी विधवा आहे. माझ्या घरी..."

इथे मी थांबले.

"वाचा ना, बाई," कमल म्हणाली.

मी कागद तिच्याकडे दिला. तिने तो मनात वाचला. पुढे होते: "माझ्या घरी सात वर्षे हळदीकुंकू झालेले नाही, आणि मला कुणी बोलावतही नाही. पाकिटावर सौ. कोणी लिहिले, ते कळवावे."

सौ. मी लिहिले होते. कूपनवर नुसते यमुना कदम असे होते, आणि चौकशी न करता ते एका अक्षराचे सौजन्य मी सगळ्यांनाच वाटत आले होते.

"म्हणजे डाग इथंच पडला," कमल म्हणाली. ती तडक रिंग रोडला गेली. जितूभाईंनी जुना माल गळ्यात मारला, असा तिचा समज झाला होता. जितूभाई शांत राहिले. "कमलबेन, मिलमांथी कंकु नीकळे? मिलमांथी तो दोरा नीकळे." मिलमधून कुंकू कसे निघेल? मिलमधून फार तर दोरा निघतो.

ती परत आली आणि काही न बोलता कात्री उचलली. दुसऱ्या दिवशी जायची पाच पार्सले तयार होती. तिने पहिल्याची शिवण उसवायला घेतली.

शोभाने त्यावर हात ठेवला. "उसवू नका, ताई. म्या सांगते. समद्यात हाय."

"काय आहे?"

"पुडी."

कमलच्या तोंडून रागात घरची अहिराणीच निघे. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, असे विचारत तिने पार्सल उसवलेच. साडीच्या घडीत वर्तमानपत्राच्या कागदाची इवलीशी पुडी होती, दोऱ्याने बांधलेली. चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू.

"सवाशिणीला लुगडं मोकळं धाडत नसत्यात, ताई," शोभा म्हणाली. "आमच्याकडं भांडण झालेल्या घरी बी धाडलं, तर कुंकू लावून धाडत्यात. खण-नारळ टपालात जात न्हाई. म्हून मंग चिमूटभर. घरून आणते म्या, तुमचं काही घेत न्हाई."

"कधीपासून?"

"पयल्या पार्सलापासनं."

त्या पावसाळ्यात एका पुडीला ओल लागून कागद विरला होता, दोरा सैल पडला होता, एवढेच नवे घडले होते.

मी पत्रांची फाइल काढली. 'साडी पोचली, कुंकू पोचले,' असे कितीतरी जणींनी लिहिले होते. तो मी पत्राचा मायना समजत होते. अंबाजोगाईच्या एका बाईंनी लिहिले होते, 'पार्सल उघडले आणि माहेरची आठवण झाली.' त्याचे श्रेय मी माझ्या जाहिरातीला दिले होते.

कमलने खडू उचलला.

"थांब, कमल," मी म्हणाले. "त्या बाईंना लागले ते पत्र. ते माझे आहे."

"पत्राच्या आधी डाग पडला, बाई. आधी काय, मग काय, ते क्रमानं लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"पुडीमागचा हेतू तरी बघ."

"हेतू बघायचा, तर आधीच्या सुनंदालाही ठेवायला हवी होती. तिचं लेकरू आजारी होतं, म्हणून चुका झाल्या. तिला काढलं मी. ती इथंच पलीकडच्या गल्लीत राहते. हिला ठेवली, तर तिला कोणतं तोंड दाखवू?"

शोभा मान खाली घालून उसवलेले पार्सल परत शिवत होती. पुडी तिने काढून कमरेला खोचली होती.

शेवटी कमल म्हणाली, "त्या बार्शीच्या बाईंनाच लिहा. खरं काय झालं ते सगळं. नवी साडी हवी की पैसे, ते विचारा. त्यांनी समजून घेतलं, तर रेघ नाही. नाही घेतलं, तर आहे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत बांध म्हणावं. पुडीशिवाय."

*

त्या पत्राचे मी तीन खर्डे केले. पहिल्यात माझाच मोठेपणा फार होता, दुसऱ्यात पश्चात्ताप फार होता. तिसऱ्यात फक्त घडले ते लिहिले. सौ. मी लिहिले, चौकशी न करता लिहिले. समारंभाविषयीचे वाक्य माझे, आणि ते लिहिताना मला स्वतःची हुशारी आवडली होती, हेही लिहिले.

मग शोभाला विचारले, "तुला त्यांना काही सांगायचे आहे?"

ती म्हणाली, "म्हणा, मला ठावं नव्हतं. ठावं असतं, तर..."

"तर काय? घातली नसतीस?"

तिने सुई कापडात टोचून ठेवली. "ते मला सांगता येत न्हाई, बाई. टाकली बी असती. आपल्या हातानं बाईमाणसाला लुगडं मोकळं कसं धाडावं?"

मी म्हणाले, "हे लिहिले, तर त्या आणखी रागावतील. तुझे काम त्यांच्या उत्तरावर आहे, हे ध्यानात आहे ना?"

"हाय. पर तुम्ही खरं लिवा म्हणला, म्हून सांगितलं."

मी ते तिच्याच शब्दांत लिहिले आणि पत्र टाकले.

त्यानंतर शोभा बिनपुडीची पार्सले बांधत होती. ती झरझर होत. एकदा तिने शिवलेले पार्सल हातावर तोलले आणि खाली ठेवले. "हलकं लागतंय," एवढेच म्हणाली. चिमूटभर कुंकवाचे वजन ते किती, हे मी तिला विचारले नाही. पांडेसऱ्याच्या मुकादमाने निरोप पाठवला होता की ताक्यांवर जागा आहे, पहिल्या तारखेला ये. तिने त्याला हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते.

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा कार्ड आले. योगायोगाने जितूभाईही नवे नमुने घेऊन आले होते. पोस्टमनने कार्ड माझ्या हातात दिले. मी ते कमलला दिले. कमलने ते माझ्याकडे परत केले. "तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

मी वाचले: "पत्र पोचले. दुसरी साडी नको. पैसेही नकोत. तीच साडी पाठवा. धुऊ नका. पाकिटावर नुसते नाव लिहा. ज्या बाईंनी पुडी घातली, त्यांना सांगा, या वेळी दोरा घट्ट बांधा. यमुना कदम."

शोभाने विचारले, "म्हंजी पुडी बी घालायची?"

"तसंच लिहिलंय," कमल म्हणाली.

जितूभाईंना मी अर्थ सांगितला. ते थोडा वेळ घुटमळले. "पण टीचरबेन, एमने ए शुं काम जोईए?" त्यांना ती कशाला हवी असेल?

मी कार्ड फाइलला लावले.

ठरले ते असे. निळी साडी, होती तशी, बार्शीला जाईल. पुडी जाड कागदाची असेल आणि दोन गाठींची. भिंतीवर तिसरी रेघ ओढली जाणार नाही, आणि सुनंदाला विचारून यायचे, तिला यायचे असेल तर दोघी मिळून बांधतील. यापुढे परत आलेल्या पार्सलाचे पत्र बांधणारीला दाखवल्याशिवाय मी लिहिणार नाही. कमल हो म्हणाली. मी हो म्हणाले. जितूभाईंना कोणी विचारले नव्हते. तेही हो म्हणाले. शोभा खाली बसली, कमरेची पुडी सोडली आणि कमलकडे जाड कागद मागितला.